दप्तर दाखवा

९ ऑगस्ट २००३. क्रांतिदिनाचा मुहूर्त धरून अण्णा हजारे मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले. राज्याचा माहिती अधिकार कायदा अमलात आणा आणि भ्रष्टाचाराचे आरोप असलेल्या चार मंत्र्यांची चौकशी करा, अशा त्यांच्या मागण्या. त्या चारांत एक होते जळगावचे सुरेशदादा जैन. दादांनी काय करावं? त्यांनी अण्णांवरच उलट आरोप केले आणि आपलंही उपोषण पुकारलं. म्हणजे आरोप करणारा उपाशी आणि ज्याच्यावर आरोप तोही उपाशी.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण शिकण्यासारखं त्याहून जास्त. उपोषण हे हत्यार कोणीही उचलू शकतं. पोट रिकामं ठेवल्यानं कोणाची बाजू खरी ठरत नाही. खरं-खोटं ठरतं ते कागदावर, आणि कागद बोलायला लागले की कोणाचीच भीड ठेवत नाहीत. सरकारनं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला. फेब्रुवारी २००५मध्ये अहवाल आला. जैन, नवाब मलिक आणि पद्मसिंह पाटील यांच्यावर ठपका आला. नंदुरबारचे विजयकुमार गावित सुटले. जैन आणि मलिक यांना मंत्रिपद सोडावं लागलं. पण त्याच अहवालात अण्णांच्या ट्रस्टच्या हिशेबावरही ताशेरे होते, वाढदिवसाच्या कार्यक्रमावर ट्रस्टचा पैसा खर्च झाल्याबद्दल. अण्णांच्या भक्तांना हे आवडलं नाही. मला विचाराल तर अहवालाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच. जो हिशेब मागतो त्यानं आपला हिशेब आधी तयार ठेवायला हवा, हे एका निवृत्त न्यायमूर्तींनी लेखी देऊन ठेवलं.

आता मंत्र्यांना सोडा आणि जळगावला या. १९९०च्या दशकात इथल्या नगरपालिकेनं झोपडपट्टीतल्या लोकांसाठी घरकुल योजना काढली. सुमारे अकरा हजार घरं, त्यासाठी केंद्राच्या हुडको या संस्थेचं कर्ज. पूर्ण झाली ती दीड हजारांच्या आसपास. घरं जिथं बांधायची त्यांतल्या कितीतरी जागा पालिकेच्या ताब्यात नव्हत्या, बिगरशेती परवानगी नव्हती, आणि ठेकेदाराला आगाऊ रक्कम मात्र बिनव्याजी मिळाली होती. पालिकेची महापालिका झाली २००३ साली. आयुक्त म्हणून आलेल्या प्रवीण गेडाम यांनी फायली चाळल्या आणि फेब्रुवारी २००६मध्ये पोलिसांत फिर्याद दिली. याच प्रकरणात सुरेश जैन यांना अटक झाली मार्च २०१२मध्ये. निकाल लागला ३१ ऑगस्ट २०१९ला, धुळ्याच्या विशेष न्यायालयात. ४८ जण दोषी ठरले, त्यांत माजी नगरसेवकांची रांगच होती. जैन यांना सात वर्षांची कैद आणि १०० कोटींचा दंड, माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षं. पुढे अपिलं उच्च न्यायालयात गेली, जैन यांना जामीनही मिळाला. खटला न्यायालयाचा, त्यावर इथं जास्त बोलण्याचं कारण नाही.

बोलायचं आहे ते मधल्या वर्षांबद्दल. योजनेपासून निकालापर्यंत वीस वर्षांहून जास्त काळ गेला. अर्धवट इमारती काही लपून राहत नाहीत. त्यांच्या समोरून रोज हजारो माणसं येत-जात होती. ओरड करणारे होते, नाही असं नाही. काही कार्यकर्ते, काही विरोधी नगरसेवक, काही बातमीदार. पण शहर म्हणून जळगाव उठलं नाही. हुडकोच्या कर्जाचा डोंगर वाढत गेला, महापालिकेची बँक खाती गोठण्याची वेळ आली, रस्त्यांना डांबर मिळेना, आणि निवडणुका आल्या की मतं पडायची तशीच पडत राहिली. १९८०पासून २०१४पर्यंत जैन जळगावचे आमदार होते. पक्ष बदलले, आमदार बदलला नाही. शेवटी प्रकरण तडीस लागलं ते एका अधिकाऱ्यानं फाइल उघडली म्हणून. तो अधिकारी आला नसता तर? हा प्रश्न मला त्या निकालापेक्षा मोठा वाटतो.

भ्रष्टाचाराशी अहिंसेनं लढणं हे परकीय सत्तेशी लढण्यापेक्षा वेगळं आणि एका अर्थानं अवघड आहे. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात कोण कुठल्या बाजूला आहे हे स्पष्ट होतं. अंमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून साने गुरुजी तुरुंगात गेले, तेव्हा समोर कोण आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही. इथं तसं नाही. लाच घेणारा आपल्याच गावचा जावई असतो, ठेकेदार भाचा असतो, आणि सातबाऱ्यावर वारसाची नोंद लवकर व्हावी म्हणून ‘चहापाणी’ देणारे आपण स्वतः असतो. केळीच्या नुकसानीच्या पंचनाम्यात दोन गुंठे जास्त लिहून घेतले तर त्याला आपण भ्रष्टाचार म्हणत नाही, ओळख म्हणतो. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये मांडलेला विचार असा, की इंग्रज इथं टिकले ते आपण त्यांना टिकवलं म्हणून. सत्ता चालते ती लोकांच्या सहकार्यावर. ते काढून घेतलं की ती लुळी पडते. तो विचार टक्केवारीलाही लागू आहे. फरक एवढाच, की इथं सहकार्य काढून घ्यायचं म्हणजे आधी स्वतःचा हात खिशातून रिकामा बाहेर काढायचा.

हे एकट्यादुकट्याला जमत नाही. दाखला अडलेला असतो, मुलाची ॲडमिशन असते, तत्त्वासाठी कोण थांबणार? म्हणून माणसं जमवावी लागतात. आणि नुसती जमवून भागत नाही, त्यांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. घोषणा दिली तर संध्याकाळी घरी जातात. कागद दिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.

हे देशात सगळ्यात आधी ठसठशीतपणे दाखवलं राजस्थानातल्या मजूर किसान शक्ती संघटनेनं. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही त्यांतली पुढची नावं. डिसेंबर १९९४मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात त्यांनी पहिली जनसुनवाई भरवली. करायचं काय, तर दुष्काळी कामांचे हजेरीपट मिळवायचे आणि भर सभेत मोठ्यानं वाचायचे. बस्स. नावं वाचली गेली की लोक उठून सांगायचे, हा तर केव्हाच वारला, ही बाई या गावात राहतच नाही, माझं नाव आहे पण मला पैसा मिळाला नाही. इतके दिवस जो संशय होता त्याला आकडा मिळाला, आणि आकडा सगळ्या गावासमोर उच्चारला गेला. १९९६मध्ये ब्यावरला याच लोकांनी चाळीस दिवस धरणं धरलं. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथली. माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ला लागू झाला, त्यामागे ही मजुरांची वाचनं आहेत. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याच्याही आधी आला होता. आझाद मैदानावरचं उपोषण सुरू होतं आणि राष्ट्रपतींची मंजुरी आली.

आपल्या खानदेशालाही हे अगदीच नवं नव्हतं. शहाद्याकडचे भिल्ल शेतमजूर १९७०च्या आसपास अंबरसिंग सुरतवंती यांच्यामागे उभे राहिले आणि १९७२मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. त्यांच्या लढ्याच्या मुळाशी जमिनीचे कागदच होते. न वाचता येणाऱ्या माणसानं अंगठा दिला, आणि त्याची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढली. तिथल्या बायकांनी दारूच्या भट्ट्यांवर जाऊन मडकी फोडली. हिंसा म्हणायची तर मडक्यांपुरती.

आता असोदा. जळगावला लागून असलेलं, भरिताच्या वांग्यांसाठी आणि बहिणाबाईंचं माहेर म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेलं गाव. असोद्याच्या पंचायतीत काही काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही; कुठल्याही मोठ्या गावाचं नाव घेता आलं असतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आगेमागे ग्रामसभा होते. गणपूर्ती किती? मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांत जे कमी असेल ते. असोद्यासारख्या गावात म्हणजे शंभर. इतक्या मोठ्या गावातून शंभर माणसं जमणं कठीण नसावं. पण जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि गंमत अशी की तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग सात-आठ जण खुर्च्यांवर, मागचं इतिवृत्त एका सुरात वाचलेलं, ‘मंजूर, मंजूर’. ठराव होतो, विषय संपतो. पुष्कळ गावांत सह्यांचं रजिस्टर नंतर दारोदार फिरतं आणि आपण, काय आहे हे न बघता, सही ठोकतो. गैरव्यवहाराला आपली लागते ती इतकीच मदत: एक गैरहजेरी आणि एक सही.

समजा गावात काँक्रीटचा रस्ता झाला. लांबी १५० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी १५ सेंटिमीटर. म्हणजे साडेसदुसष्ट घनमीटर काँक्रीट. हे सगळं ‘मोजमाप पुस्तिके’त लिहिलेलं असतं, ठेकेदार आणि अभियंते तिला एम.बी. म्हणतात. बिल तिच्यावरून निघतं. लांबी-रुंदी दहावीतला पोरगाही टेपनं मोजेल. गोम असते जाडीत. कडेला जिथं रस्ता उघडा पडतो तिथं पट्टी धरून पाहिली आणि ती दहा सेंटिमीटर भरली, तर पंचेचाळीस घनमीटरच काँक्रीट पडलं. साडेबावीस घनमीटर, म्हणजे एक तृतीयांश रस्ता, कागदावरच राहिला. एका जागी पट्टी धरून आरोप करायचा नसतो, पाच-सहा जागी धरायची. आणि आधी अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एम.बी. आणि देयक यांच्या प्रती मागवायच्या. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, पण याच कायद्यानं नागरिकाला चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. सिमेंटची मूठ मागता येते.

अर्जसुद्धा दर वेळी लागत नाही. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०१८मध्ये काढलेल्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं, जिल्हा परिषद आणि महापालिका-नगरपालिका यांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. साहेब दौऱ्यावर असतील, किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर असेल. तरीही दर सोमवारी तीनच्या ठोक्याला तीच पाच-सहा माणसं वही-पेन घेऊन बाकावर येऊन बसू लागली, की कार्यालयाला त्यांची नोंद घ्यावीच लागते. ओरडायचं नाही, टेबलावर हात आपटायचा नाही. आवाज चढला की विषय बदलतो: रस्ता बाजूला राहतो आणि ‘शासकीय कामात अडथळा’ सुरू होतो. अहिंसा इथं साधुत्व म्हणून लागत नाही, व्यवहार म्हणून लागते.

धुळ्यात मे २०२५मध्ये याचा एक नमुना दिसला. विधिमंडळाच्या अंदाज समितीचा दौरा शहरात होता. शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीत रोकड असल्याचं सांगत माजी आमदार अनिल गोटे यांनी तिच्या दारातच ठिय्या मांडला आणि अधिकारी येईपर्यंत ते हलले नाहीत. रात्री खोली उघडली, मोजदाद झाली, १ कोटी ८४ लाखांवर रोकड निघाली. पैसा कोणाचा आणि कशासाठी, तो तपासाचा भाग. पण पद्धत पाहा: दार फोडलं नाही, कोणाला हात लावला नाही, पंचनामा होईपर्यंत दार सोडलं नाही. गोटे हे मुरलेले राजकारणी, सामान्य नागरिक नव्हेत, हे खरं. पण दारात बसायला आमदारकी लागत नाही.

जगात इतरत्रही लोकांनी अशाच साध्या गोष्टी शोधून काढल्या. तुर्कस्तानात नोव्हेंबर १९९६मध्ये सुसुरलुक गावाजवळ एका मोटारीला अपघात झाला आणि आत पोलीस अधिकारी, फरार गुंड आणि खासदार एकत्र प्रवास करत होते हे उघड झालं. लोकांनी ठरवलं, रोज रात्री नऊ वाजता घरचे दिवे एक मिनिट बंद करायचे. फेब्रुवारी १९९७मध्ये कोट्यवधी माणसं यात सामील झाली. रस्त्यावर यायला घाबरणाऱ्या आजीलाही बटण दाबता येत होतं. कल्पनेची ताकद ती. (भारनियमनाच्या काळात हे आपल्याकडे कोणी केलं असतं तर कळलंही नसतं.) दक्षिण कोरियात २००० सालच्या निवडणुकीआधी शेकडो नागरी संघटनांनी मिळून नालायक उमेदवारांची यादी छापली. ८६ नावं, त्यांतले ५९ पडले. जळगावच्या मतदारानं ही ओळ दोनदा वाचावी. केनियातल्या मोम्बासाच्या कार्यकर्त्यांनी तर राजस्थानच्या जनसुनवाईचाच धडा गिरवला आणि आपल्या खासदार निधीच्या कामांचा हिशेब गावागावांत वाचला.

लाच मागितलीच, तर? लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. सापळा कसा लागतो हे कळलं तर भीती कमी होते. आधी मागणीची पडताळणी होते, पंच सोबत असतात. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पूड लावतात. ती नोटेवर डोळ्यांना दिसत नाही. घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. ते पाणी बाटलीत सीलबंद करून पुरावा म्हणून जातं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीपासून लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. ‘मी फक्त दिली, घेतली त्यानं’ ही सबब आता चालत नाही.

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हे प्रकरण प्रामाणिक होणार नाही. पहिली, माहिती अधिकाराचा धंदा करणारे आहेत. अर्ज टाकायचा, ठेकेदाराला गाठायचं, पाकीट घेऊन अर्ज मागे घ्यायचा. त्यांच्यामुळे गावोगावी ‘माहिती अधिकारवाला’ ही शिवी झाली आहे. यावर उपाय एकच: अर्ज चोरून करू नका. काय मागितलं आणि काय मिळालं ते पंचायतीच्या फलकाशेजारी लावा, ग्रामसभेत वाचा. जे सगळ्यांनी वाचलं ते विकता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनीचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. जानेवारी २०१०मध्ये सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. गैरव्यवहार उघड करणाऱ्या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेनं २०१४मध्ये केला, पण तो अजून लागूच झालेला नाही. एकटा माणूस हेरता येतो, धमकावता येतो, संपवता येतो. म्हणून एका विषयावर एकानं अर्ज करायचा नाही; दहा जणांनी दहा अर्ज करायचे, त्यांत बचत गटातल्या चार बाया असाव्यात, एखादा निवृत्त मास्तर असावा, सत्ताधारी गटाचा नाराज माणूसही चालेल. कोणावर राग काढायचा हे मग समोरच्याला कळत नाही. जळगावात उणीव याचीच होती: कागद होते, तक्रारदार होते, पण तक्रारदाराच्या शेजारी बसणारे नव्हते.

तेव्हा वाचकहो, ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. ती लागली का ते बघा. विषयपत्रिकेत तुमचा प्रश्न लेखी द्या. जाताना शेजारच्या अप्पांना आणि समोरच्या वहिनींना सोबत घ्या, शंभराचा आकडा भरा आणि सभा तहकूब होऊ देऊ नका. दप्तर टेबलावर आलं की आधी वाचा, सही नंतर. आणि अर्ज दिलात की दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.